न उघडलेलं इंजिन

दादाने गाडी विकायला काढली हे मला दादाने सांगितलं नाही. आमच्या ह्यांच्याकडून कळलं. दुपारी जेवून हे मोबाइल घेऊन आडवे झाले होते, ते एकदम उठून बसले. "अगं ए, ही तुमची गाडी ना?" मी भांडी घासत होते. हात पुसत आले, बघते तर खरंच आमची गाडी. उल्हासनगरच्या शेडमधली, ताडपत्री काढून उन्हात उभी केलेली, आणि टाकीवर झेंडूची माळसुद्धा. जुन्या जपानी टू-स्ट्रोक रेसिंग मोटारसायकली जमवणारे शौकीन लोक असतात म्हणे, त्यांच्या कुठल्याशा ग्रुपवरून तो फोटो फिरत फिरत ह्यांच्या रिटायर्ड मित्रांच्या ग्रुपवर आला होता. खाली इंग्रजीत भलामोठा मजकूर. ह्यांनी चष्मा सारखा केला आणि मला अर्थ सांगत सांगत वाचायला लागले. अडीचशे सीसी, दोन सिलिंडर, फक्त शर्यतीसाठी बनवलेली, चाळीस वर्षं एकाच घरात. इथवर ठीक होतं. मग हे म्हणाले, "कारखान्यातून निघाल्यापासून इंजिन एकदाही उघडलेलं नाही."

"काय?"

"असं लिहिलंय बुवा. मी कुठे म्हणतोय?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. उघडलेलं नाही? अहो, सहा वेळा उघडलंय ते इंजिन! आणि सहाच्या सहा वेळा मी उघडलंय. कुठला नट कुठल्या डबीत ठेवला होता ते आजही झोपेतून उठवून विचारा, सांगेन.

आता हे पहिल्यापासून सांगायला हवं, नाहीतर म्हणाल बाई बढाया मारतेय. बाबांची उल्हासनगरात लेथची शेड होती. आम्ही मूळ कोकणातले, पण बाबा लग्नाआधीच इकडे आले आणि सिंधी शेजाऱ्यांत इतके मुरले की भांडायचे तेसुद्धा सिंधीतून. रिक्षांचे नि स्कूटरचे झिजलेले सिलिंडर आतून कातून, बोअर करून देणं हा धंदा. एक दिवस मुंबईहून एक श्रीमंत घरचा तरुण मोटारीतून आला आणि त्याने गोणपाटात गुंडाळलेलं इंजिन उतरवलं. जपानहून रेसची गाडी मागवली होती पठ्ठ्याने, आणि पहिल्याच मोसमात पिस्टन सिलिंडरला चिकटवून बसला होता. मागून टेम्पोतून गाडी आली, सुट्या पिस्टनांची आणि रिंगांची पेटी आली. तो स्वतः मात्र परत आलाच नाही. परदेशी गेला. वर्षभराने पत्र आलं की गाडी तुम्हीच ठेवा, मला आता नको. बाबांनी ते पत्र देवघरात ठेवलं, गणपतीच्या मागे.

तोवर बाबांच्या हाताला कंप सुटला होता. लेथवर निभायचं, कारण लेथला मशीनचा आधार असतो. बारीक काम जमेना. दादा बावीस वर्षांचा, मी वीसची. दादाचा हात म्हणजे हातोडा, स्क्रू पिळायला दिला तर डोकं मोडून ठेवणार. मग उरलं कोण? शाळेत असल्यापासून मी बाबांच्या शेजारी बसून मापं घ्यायला शिकले होते. बाबा म्हणाले, "तुझा हात हलत नाही, तू बस."

टू-स्ट्रोक इंजिनात झडपा नसतात. सिलिंडरच्या भिंतीलाच खिडक्या असतात, त्यातून पेट्रोलची हवा आत येते आणि धूर बाहेर जातो. ह्या खिडक्यांना पोर्ट म्हणतात. त्यांची उंची, त्यांचा उतार, त्यांच्या कडा, सगळा खेळ तिथे. आमच्या सिलिंडरला आतून क्रोमचा मुलामा होता, त्यामुळे लेथवर चढवायची सोय नाही. चिकटलेलं ॲल्युमिनियम तेवढं काढायचं आणि मुलाम्याला ओरखडा येऊ द्यायचा नाही. साबण करणाऱ्या एका शेजाऱ्याकडून मी कॉस्टिक सोडा आणला, काडीला कापूस गुंडाळला आणि थेंब थेंब लावत बसले. तीन दिवस लागले. मग पतंगाचा कागद गुंडाळी करून सिलिंडरमध्ये घातला आणि बोटाने काजळ फिरवून खिडक्यांचा छाप घेतला. कुठे किती घासायचं ते त्या छापावर आखलं. घासायला उल्हासनगर कॅम्पातल्या एका दातांच्या डॉक्टरकडच्या झिजलेल्या सुया, टोकाला हिऱ्याची पूड असलेल्या. आईच्या शिवणाच्या मशीनची मोटर काढून बाबांनी त्या फिरवायची जोडणी करून दिली. आई महिनाभर बोलत नव्हती दोघांशी. मी घासायचे, आणि बाबा स्टुलावर बसून बॅटरी धरायचे. हात कापायचा म्हणून दोन्ही हातांनी धरायचे. दोन महिने चाललं ते.

पण हे कोणाला सांगायचं नव्हतं. ही आईची अट. मुलीची जात, उद्या दाखवायचे कार्यक्रम सुरू होतील, आणि इंजिन खोलणारी सून कोणाला हवीय? बाहेर कोणी विचारलं की बाबांनी केलं असंच सांगायचं, हे ठरलेलं. माझ्या नखांच्या कडेला काळं साचायचं ते चिंच लावून, मीठ लावून, काही केल्या निघायचं नाही. आईने मग शक्कल काढली. दर पंधरा दिवसांनी माझ्या बोटांच्या पेरांवर गच्च मेंदी थापायची. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, हिला भलती हौस बाई, बारा महिने मेंदी! मीही लाजल्यासारखं करायचे. डोंबलाची हौस.

गाडी तयार झाली आणि दादा बसला. तो चालवायचा मात्र झकास, उगाच नावं ठेवणार नाही. सोनिवली गावाच्या अंगाला तेव्हा बिल्डिंगा नव्हत्या, नुसता सरळ रस्ता. पहाटे टेम्पोत घालून गाडी तिकडे न्यायची. रेसच्या गाडीला किक नसते, धक्का मारून चालू करावी लागते. मी ओढणी कमरेला बांधून मागून पळायचे. दादा पूर्ण वेगात जाऊन एकदम इंजिन बंद करायचा, गाडी घरंगळत थांबली की मी प्लग काढून त्याचा रंग बघायचे. पांढुरका आला तर पेट्रोल कमी पडतंय, काळा आला तर जास्त होतंय, बिस्किटाच्या रंगाचा आला की जमलं. मद्रासकडे शर्यती व्हायच्या तिथे मी जाणं शक्यच नव्हतं, बाबा आणि दादा जायचे. काय कधी बदलायचं ते मी कागदावर लिहून दादाच्या खिशात घालायचे. दोन वर्षांत त्याने दोन कप आणले. पेढे वाटले आम्ही. तेव्हा मला वाईट वाटलं का? नाही वाटलं, खोटं कशाला बोलू. घरातल्या चौघांना माहीत होतं ना, मला तेवढं पुरत होतं.

मग माझं लग्न झालं, मी बदलापूरला कात्रपमध्ये आले. पुढे अंबरनाथच्या एका कारखान्यात तपासणी विभागात लागले आणि चोवीस वर्षं मायक्रोमीटर हातात धरला. तिकडे दादाचंही लग्न झालं, रेसिंग सुटलं, गाडी ताडपत्रीखाली गेली. दर दसऱ्याला मी माहेरी जाऊन तिची पूजा करायचे, टाकीवर हळदकुंकू वाहायचे. आधी बाबा गेले, मग आई. चौघांतले दोघे राहिलो. म्हणजे माझ्या आयुष्यातलं जे सगळ्यात मोठं काम, ते मी केलं हे डोळ्यांनी पाहिलेला माणूस जगात एकच उरला. दादा.

म्हणून तो मजकूर ऐकल्याबरोबर मी ओल्या हातानेच फोन लावला.

"काय रे दादा, इंजिन उघडलेलंच नाही होय?"

"अगं बाय, तुला कोणी सांगितलं?" तो हसत म्हणाला. मला लहानपणापासून बाय म्हणतो. "मी तुला सांगणारच होतो. ऐक तरी. ह्या जमवणाऱ्या लोकांचं डोकं उलटं चालतं. आपण म्हणतो दुरुस्त केलेली गाडी चांगली. त्यांना दुरुस्त केलेली गाडी बाटलेली वाटते. कोणी हात लावलेला नको."

"म्हणजे माझ्या हाताने बाटली का रे ती?"

"तसं नाही गं! तू लगेच चिडतेस. शेड पाडणार आहेत, नवी बिल्डिंग होतेय, गाडी ठेवू कुठे? पुण्याकडचा एक माणूस आहे, जीव लावून ठेवेल असा. त्याने नाही घेतली तर भंगारात तुकडे होऊन जाईल. ते चालेल तुला?"

ते मला कसं चालेल? दादाला माझी नस बरोबर ठाऊक. मी जरा वेळ धुसफुसले, मग म्हटलं, बरं बाबा, जगाला काय सांगायचं ते सांग, मी मध्ये बोलणार नाही. "तू माझी बाय ती!" दादा म्हणाला. आणि लगेच पुढचं काम सांगितलं. बघायला यायच्या आधी गाडी चालू करून ठेवायला हवी, तर येशील का चार दिवस?

चार कसले, आठ दिवस गेले मी. कात्रपहून रोज उल्हासनगर, डबा घेऊन. गुडघे कुरकुर करतात आता, बसलं की उठवत नाही. पण ताडपत्री काढली आणि खरं सांगते, मला रडू आलं. टाकी आतून धुतली, गंजलेल्या केबली बदलल्या, दोन्ही कार्ब्युरेटर खोलून साफ केले. दादा खुर्ची टाकून बसायचा, चहा मागवायचा, जुन्या शर्यतींच्या गोष्टी काढायचा. शेजारच्या जीन्सच्या कारखान्यातले लोक डोकावून जायचे, की म्हातारी काय करतेय. एकदा मी काड्यांना कापूस गुंडाळत होते तेव्हा दादा म्हणाला, "बाबांकडून बरोबर उचललंस हां सगळं." मला बरं वाटलं. किती बावळट असतो आपण.

पुण्याचा माणूस रविवारी दुपारी आला. पन्नाशीचा, हळू बोलणारा, पायातले बूट शेडच्या दाराशी काढून आत आला. ते मला आवडलं. देवळात आल्यासारखा गाडीभोवती दोनदा फिरला. टाकीवर हळदीकुंकवाचा पिवळट तांबूस डाग पडलाय, दर दसऱ्याचा थर बसून बसून. मी आठ दिवस तो घासत होते, पण जाईना. म्हटलं आता हा नाक मुरडणार. तर तो म्हणाला, "हे पुसू नका प्लीज. हा गाडीचा इतिहास आहे." दादा लगेच म्हणाला, "आमच्या बहिणीने वाहिलेलं आहे दर वर्षी." अस्सं. म्हणजे माझं कुंकू इतिहासात चालतं.

मग त्याने बॅगेतून एक लांब वायर काढली, टोकाला दिवा आणि कॅमेरा. डॉक्टर पोटात दुर्बीण घालतात तशी. प्लग काढून त्या भोकातून वायर आत सोडली आणि हातातल्या स्क्रीनवर बघायला लागला. चाळीस वर्षांनी कोणीतरी माझं काम बघत होतं. तो वायर फिरवायचा, थांबायचा, परत मागे घ्यायचा. शेवटी स्क्रीन दादाच्या पुढे धरून म्हणाला, "ह्या पोर्टच्या कडा बघा. चारी बाजूंनी सारखा उतार. मुलाम्याला एक टवका नाही. असं काम फक्त कारखान्यातच होतं. जपानी हात आहे हा, बघताक्षणी ओळखू येतं. ह्या इंजिनाला खरंच कोणी हात लावलेला नाही."

मला आनंदाने ओरडावंसं वाटत होतं आणि त्याच्या हातातली ती वायर हिसकावून घ्यावीशीही वाटत होती. इतकं कौतुक मला उभ्या जन्मात कोणी केलं नव्हतं, नवऱ्याने नाही, कारखान्यातल्या साहेबाने नाही. आणि ते तिथल्या तिथे कुठल्यातरी जपान्याच्या पदरात पडलं. पण मध्ये न बोलायचं वचन दिलं होतं ना. दादाकडे बघितलं, म्हटलं हा एकदा तरी माझ्याकडे बघेल, डोळा मिचकावेल. तो स्क्रीनकडे बघत मान डोलवत होता.

त्याला गाडीचा आवाज ऐकायचा होता. दादाची पाठ गेलेली, पण बसायला तोच बसला. तो पुण्याचा माणूस आणि मी मागून धक्का मारायला. साठी उलटलेली बाई पंजाबी ड्रेसची ओढणी कमरेला बांधून उल्हासनगरच्या गल्लीत मोटारसायकल ढकलतेय, बघा म्हणजे! दहा पावलांत गाडी चालू झाली. त्या इंजिनाला पेट्रोलमध्ये एरंडेल मिसळून घालतात, सगळी गल्ली एरंडेलाच्या धुराने भरून गेली. काय आवाज होता! जीन्सवाले मशीनं सोडून बाहेर आले. मी धापा टाकत कोपऱ्यावर उभी होते आणि कानाने बघत होते, दोन्ही सिलिंडर सारखे बोलताहेत का. बोलत होते.

मग कागद झाले. गाडीची सगळी हकिकत त्याने टाइप करून आणली होती. कोणी मागवली, कशी आली, कोणी चालवली, कुठले कप. शेवटी एक ओळ, की इंजिन ह्या घरात आल्यापासून उघडलं गेलं नाही. खाली दादाची सही, आणि साक्षीदार म्हणून घरातल्या एका माणसाची. दादाने पेन माझ्यापुढे केलं. हे मला आधी सांगितलं नव्हतं. मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. तो हळूच म्हणाला, "कर ना बाय, त्यात काय." मी सही केली. माझी सही चांगली आहे, चोवीस वर्षं तपासणीच्या कागदांवर करत आले. तीच केली, स्वच्छ, ठसठशीत.

पुण्याचा माणूस नमस्कार करून गेला. शेडमध्ये आम्ही दोघंच राहिलो. दादाने कोपऱ्यावरून चहा आणि दाल पकवान मागवलं. माझा राग तोवर उतरला होता. म्हटलं चला, गाडी चांगल्या घरी पडली. आणि मला एकदम हसूच फुटलं.

"दादा, ऐकलंस ना? जपानी हात म्हणाला! कात्रपचा जपानी हात!"

दादाही हसला. "खरंच गं. बाबांची कमालच होती."

"बाबांची?"

"मग काय? हात कापायचा त्यांचा, साधनं नाहीत धड, आणि काम बघ. आज पुण्याचा माणूस फसला."

मला वाटलं ह्याचं नाटक अजून संपलेलं नाही. मी दाराकडे बघून आले. "गेला तो, दादा. आता कोणी नाही. आता तरी खरं बोल."

"काय खरं?"

"पोर्ट कोणी घासले?"

"बाबांनी." तो माझ्याकडे बघत होता, की ही असं काय विचारतेय. मग त्याला काहीतरी आठवलं आणि चेहरा मायेने भरला. "तू बॅटरी धरायचीस. स्टुलावर बसून. मला चांगलं आठवतंय. झोप यायची तुला, बॅटरी खाली खाली जायची, मग बाबा ओरडायचे."

अहो, झोप बाबांना यायची! ओरडायचे मी! दिवसभर लेथवर उभं राहून थकलेले असायचे, बसल्या बसल्या डुलकी लागायची आणि उजेड सिलिंडरवरून माझ्या मांडीवर यायचा. मी म्हणायचे, बाबा, वर धरा.

मी दादाला सगळं सांगितलं. पतंगाचा कागद सांगितला, काजळ सांगितलं, कॉस्टिकने माझी बोटं सोलवटली होती ते सांगितलं. मेंदीचं सांगितलं. मेंदी त्याला आठवत होती. "हो, तुला फार आवड होती," म्हणाला. माझा आवाज चढला होता. मी म्हटलं, तुझ्या खिशात कागद कोण घालायचं? तो म्हणाला, बाबा सांगायचे आणि तू लिहायचीस, बाबांना अक्षर कुठे यायचं? तो चिडला नव्हता, घाबरला नव्हता, नजर चुकवत नव्हता. माझ्याकडे सरळ बघत होता. खोटं बोलताना दादाची नजर कशी होते ते मला माहीत आहे. त्या दिवशी तशी नव्हती.

माझ्या लग्नाआधी आईने जे सांगायला लावलं, ते तो चाळीस वर्षं सांगत आला. मद्रासला सांगितलं, मित्रांना सांगितलं, बायकोला सांगितलं, मुलांना गोष्ट म्हणून सांगितलं. सांगता सांगता त्याच्यापुरतं ते तसंच घडलं.

"बाय, वय झालं गं आपलं," शेवटी तो म्हणाला आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "होतं असं. बरं, तू केलंस म्हणू. झालं समाधान?"

मी चहा तसाच ठेवून उठले. तो मागून हाका मारत होता, रिक्षापर्यंत आला, पकवान बांधून माझ्या हातात दिलं. घरी आल्यावर ते मी पिशवीसकट कचऱ्यात टाकलं.

दादा माझ्याशी खोटं बोलला असता ना, तर मी त्याला सोलून काढला असता. भांडले असते, वर्षभर तोंड बघितलं नसतं, आणि दसऱ्याला परत गेले असते. भाऊ आहे, जाईल कुठे? पण इथे भांडू कोणाशी? त्याने माझं काम चोरलं असंही म्हणता येत नाही, स्वतःकडे घेतलंच नाही त्याने, बाबांना देऊन टाकलं. तेही इतक्या प्रेमाने, की माझा आक्षेप म्हणजे बाबांशीच वैर. आणि जगात पुरावा म्हणाल तर एक कागद आहे, त्यावर माझीच सही आहे, की ह्या इंजिनाला कोणी हात लावला नाही.

हे म्हणाले, "अगं, मला माहितीय ना तू केलंस ते."

"तुम्हाला कसं माहीत?"

"म्हणजे काय, तूच सांगितलंयस की."

चांगले आहेत हो हे. पण सांगितलेलं काय, कोणीही काहीही सांगतं.

गाडी टेम्पोने पुण्याला गेली तेव्हा मी गेले नाही. दादाने फोटो पाठवले, मी ते उघडले नाहीत. तीनेक आठवडे गेले आणि दुपारी त्याचा फोन आला. घेणार नव्हते, पण हात गेला.

"बाय, एक काम होतं गं," दादा म्हणाला. आवाज नेहमीसारखाच. काही घडलंय हे त्याच्या गावीच नव्हतं. पुण्याच्या माणसाच्या मेकॅनिकने साफ करायला कार्ब्युरेटर खोलले होते. आत एक सुई असते, तिच्या डोक्याशी बारीक पाच खाचा असतात. कुठल्या खाचेत ती अडकवायची त्यावर पेट्रोल किती जाणार ते ठरतं. त्या शहाण्याने खोलताना बघून ठेवलं नव्हतं. कारखान्याच्या पुस्तकात तिसरी खाच लिहिलीय, तशी लावली तर इंजिन भयंकर तापतंय. त्या लोकांना कळेना का.

का ते मला कळत होतं. कारखान्याचं पुस्तक कारखान्याच्या पोर्टांसाठी आहे. माझे पोर्ट रुंद, त्यांना पेट्रोल जास्त लागतं. तिसऱ्या खाचेत आणखी दोन-तीन वेळा जोरात पळवली असती ना, तर पिस्टन पुन्हा चिकटला असता. मग त्यांना ते उघडावं लागलं असतं, टेबलावर मांडून मापं घ्यावी लागली असती, आणि सगळं बाहेर आलं असतं. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं, की दादा, तिसरीच बरोबर आहे. नाहीतर म्हणायचं, मला काय माहीत, मी तर बॅटरी धरायचे.

मी फोन धरून गॅलरीत उभी राहिले. तो दोनदा हॅलो हॅलो म्हणाला. माझ्या डोळ्यांपुढे तो मुलामा येत होता, आतून आरशासारखा, टवका नसलेला.

"चौथी," मी म्हटलं. "वरून मोजायचं. दोन्हींना चौथी."

"हां, चौथी!" दादा म्हणाला. "बघ, मलाही तेच आठवत होतं. मी त्यांना म्हटलंसुद्धा."